जैनबखालाच्या ओढणीची गाठ

आमच्या खोलीची मागची भिंत म्हणजे बर्फाच्या कारखान्याची भिंत. मे महिन्यात सगळी रत्नागिरी घामाने निथळायची तेव्हा आमची भिंत गार असायची आणि आई म्हणायची, "बघा, फुकटचा एसी." तेवढीच आमची श्रीमंती. बाबा देवरूखच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून खलाशी म्हणून आलेले. जाळं ओढताना दोरात हात सापडला आणि उजव्या हाताची तीन बोटं कामातून गेली. मग आंब्याच्या दिवसांत कुणाच्या तरी बागेची राखण आणि बाकीचे महिने दारात बसून राहणं. आई कोळंबी सोलायला शेडमध्ये जायची. बर्फाच्या पाण्यात दिवसभर हात. बोटांची टोकं पांढरी पडून फाटायची, त्यात कोळंबीच्या डोक्याचा काटा घुसायचा. संध्याकाळी तिला पिठाला हात लावता यायचा नाही, म्हणून पाचवीपासून भाकऱ्या मी थापल्या. शाळेत एका मुलीने बाईंना सांगून माझ्याशेजारची जागा बदलून घेतली होती. माझ्या वह्यांना वास येतो म्हणाली. येत होता. मी ते विसरले नाही.

मग शेड बंद पडली. आई आठ दिवस घरात बसली. नवव्या दिवशी खाडीच्या तोंडाशी मासे विकणाऱ्या बायकांच्या कट्ट्याकडे गेली आणि नुसती उभी राहिली. विचारायचं धाडस नव्हतं. जांभ्या दगडाचा तो कट्टा, वर उंडीचं जुनं झाड, आणि त्यावरची प्रत्येकीची जागा आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे आलेली. तिथे परकीला कुणी बोटभर जागा देत नसे. आई बराच वेळ उभी होती. शेवटी मधोमध बसलेली एक उंच, हाडापेराने रुंद बाई तिच्यावर खेकसली, "उन्हात काय सुकायला आलीस? सोडे हायस काय तू?" आणि स्वतःची पाटी वीतभर सरकवून म्हणाली, "बस."

ती जैनबखाला. त्या वीतभर जागेवर मी बीएस्सी झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीचं तोंड पाहिलं नव्हतं.

हे वाचून कुणाला वाटेल की खाला प्रेमळ होती. तसं अजिबात नव्हतं. तिचा नवरा लग्नानंतर सहा वर्षांनी सौदीला गेला आणि तिकडेच दुसरं घर करून राहिला. मुलगा मोठा झाल्यावर कतारला गेला, तो मात्र फोन करायचा. मधली सगळी वर्षं तिने एकटीने काढली होती आणि ती वर्षं तिच्या जिभेवर बसलेली होती. मोटारीतून उतरून एखादी बाई मासा बोटाने दाबून बघायला लागली की खाला कोयतीच्या पाठीने पाटीवर ठक्कन आवाज करायची. "दाबू नको, आंबा नाय तो. डोळा बघ. डोळा सांगतो." कुणी भाव पाडून मागितला तर मासा उचलून त्याच्या तोंडासमोर धरायची आणि माशालाच विचारायची, "काय रे, एवढ्यात जातोस? नाय म्हणतोय बघा." तिच्याकडून एकदा बोलणी खाल्लेलं गिऱ्हाईक परत यायचंच. तिचा मासा शिळा निघाला असं कधी कुणी म्हटलं नाही.

तिची दुसरी खोड ओढणीची. कुणी अपमान केला की खाला ओढणीच्या टोकाला गाठ मारायची. रागाने नाही, सावकाश, मीठ बांधून ठेवावं तशी. ओढणी धुतली जायची, वाळायची, विटायची. नवी आली की जुनीवरच्या गाठी मोजून नवीवर मारल्या जायच्या. माणसाचा हिशोब पुरा झाला की गाठ त्याच्यासमोर सोडायची. मी सुटताना पाहिली ती पहिली गाठ तिच्या दिराची होती. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाला होता, ही दोन महिनेसुद्धा टिकायची नाही. वीस वर्षांनी तो आजारी पडला, तोंडाची चव गेली, आणि त्याने निरोप धाडला की जैनबच्या हातचं बांगड्याचं तिखलं खावंसं वाटतंय. खालाने केलं, स्वतः घेऊन गेली, समोर बसून त्याला खायला घातलं. त्याने शेवटचा घास चाटून घेतल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर ओढणी धरून गाठ सोडली आणि म्हणाली, "वीस वर्सं टिकले. आता तू मरायला मोकळा." तो मेला नाही. बरा झाला, आणि दर ईदला कट्ट्यावर येऊन तिला सलाम करून जायचा. लांबूनच.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना खाडीकाठची जागा बदलायला लागली. आधी पत्रे उभे राहिले, मग मातीचे डंपर, मग आठ-आठ मजल्यांच्या इमारती. निळ्या काचांच्या गॅलऱ्या, चालायला लाल फरशांची वाट, आणि वसाहतीच्या दर्शनी भागात मत्स्यालय. आरे-वारेला जाणारे पर्यटक थांबावेत म्हणून. वसाहतीला मोठं इंग्रजी नाव होतं. आमच्या बायकांनी तिला काचवाडी म्हटलं आणि रिक्षावाल्यांनी तेच उचललं.

कट्टा काचवाडीच्या बरोबर तोंडाशी आला. कट्ट्याचा कागद नव्हता. खालाची आजी तिथे बसायची, हाच कागद.

वसाहतीचा आणि मत्स्यालयाचा कारभार देशमाने नावाच्या साहेबांकडे होता. देशावरचे, सोलापूरकडचे. रत्नागिरीच्या दमट हवेतही कोट घालायचे, म्हणून खाला त्यांना 'कोट' म्हणायची. ते दर दोन दिवसांनी यायचे.

"मावशी, किती वेळा सांगायचं? इथं घाण चालणार नाही. वरून लोक बघतात."

"त्यांना सांग, समुद्र पलीकडे हाय. तिकडे बघा."

"वास येतो म्हणून तक्रारी आहेत. मी प्रेमानं सांगतोय."

"प्रेमाने सांगायला कोट कशाला घालावा लागतो रे?"

बायका हसल्या. माझी आईसुद्धा हसली, आणि मला वाटतं, त्या हसण्यानेच सगळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी, पाट्या नुकत्याच लागलेल्या, देशमाने दोन रखवालदार घेऊन आले. एकाच्या हातात फिनेलची मोठी कॅन होती. साहेबांनी बोट दाखवलं. रखवालदार बिचकला, आमच्याकडचाच होता तो. साहेब म्हणाले, "ओत. कट्टा धुवायचाय." आणि त्याने कट्ट्यावर फिनेल ओतलं. कट्ट्यावर, पाट्यांवर, बांगड्यांवर, मुडदुशांवर. पाणी दुधासारखं पांढरं झालं. आईने पाटीवर पदर टाकला, तो पदरही भिजला.

मी त्या दिवशी परीक्षेला निघाले होते, हातात जर्नल होतं. सगळ्या बायका ओरडत होत्या.  खालाने एक बांगडा उचलला, नाकाला लावला, परत ठेवला. मग साहेबांकडे बघत ओढणीचं टोक हातात घेतलं आणि गाठ मारली. साहेबांना काय कळणार? त्यांना वाटलं म्हातारी हात पुसतेय.

कट्टा आठ दिवसांत उखडला. त्या जागी हिरवळ आली, हिरवळीवर तोंड वासलेला फायबरचा डॉल्फिन आला. उंडीचं झाड ठेवलं, पण त्याच्या बुंध्याला दिव्यांच्या माळा गुंडाळल्या. बायका कुंपणाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, गटाराच्या कडेला बसायला लागल्या. प्लास्टिकचं कापड डोक्यावर. खाला अशी बसायची की समोर काचवाडीचं फाटक, डावीकडे मत्स्यालयाचा पंप.

पदवी मिळाल्यावर मी सहा महिने नोकरी शोधली आणि मिळाली ती त्याच, नुकत्याच उघडलेल्या मत्स्यालयात, लोकांना मासे दाखवून माहिती सांगायची. मी आईला सांगितलं, मी नाही जात. आई रडली. आम्हाला पगाराची गरज होती. शेवटी मी खालाला विचारायला गेले. ती शेंगाळ्याचे काटे छाटत होती. मान वर न करता म्हणाली, "जा. आपलं एक माणूस आत असलेलं बरं."

"तुला राग नाही?"

"तुझ्यावर कशाला राग, दिपे? तू काय कोट घालतेस?"

मला दीपाली म्हणणारे पुष्कळ होते. दिपे म्हणणारी ती एकटी.

चैत्रात एका रविवारी ती म्हणाली, "मला तुझं मत्स्यालय बघायचंय." नोकरांच्या घरच्यांना फुकट पास असायचा, मी तो काढून आणला. तिने तो माझ्या हातात परत दिला. "तिकीट काढ. त्यांचं फुकट खाल्लं तर उद्या शिव्या कशा देऊ?" तिकीट काढलं. ते तिने घडी करून पानाच्या बटव्यात ठेवलं.

आत जायच्या आधी तिला अख्खी काचवाडी फिरायची होती. पुतण्याच्या लग्नातली जांभळी साडी, खांद्यावर ओढणी, पायात प्लास्टिकच्या चपला. लाल फरशांवरून ती अशी चालत होती, जणू घर विकत घ्यायला आलीय. 'हिरवळीवर चालू नये' ही पाटी मी वाचून दाखवल्यावर म्हणाली, "बकरी तरी चरते काय? मग गवत कशाला?" कुत्र्यांना फिरवायला वेगळं अंगण होतं, ते तिने बराच वेळ पाहिलं. पुढे एक कॉफीचं हॉटेल. त्याच्या भिंतीवर जुनं जाळं ताणून बसवलेलं, छतातून माशांच्या बांबूच्या पाट्या उलट्या टांगून आत दिवे सोडलेले. खाला दारात थांबली. पाट्या निरखून बघितल्या. "चांगल्या विणल्यात," म्हणाली. मग माझ्याकडे वळून, हॉटेलात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "पाटीला आत जागा हाय. पाटीवालीला नाय."

मत्स्यालयात मी तिला माझं पाठ केलेलं सांगायला लागले. तिने दोन टाक्यांनंतर मला गप्प केलं. "गोब्रा मला सांगतेस?" त्या गोब्र्यासमोर ती उकिडवी बसली. काचेला हात लावला नाही, नुसती बघत राहिली. मासा कोपऱ्यात तोंड उघडमीट करत होता. मग पाकटाची टाकी, मग पुन्हा गोब्रा. बाहेर पडताना तिने मला विचारलं, "पाणी कधी घेतात?"

"रोज सकाळी दहाला. पंपवाला दहाला येतो."

"रोज दहाला?"

"हो. पाइप जुन्या कट्ट्याखालून खाडीत गेलाय."

खाला इतकी मोठ्याने हसली की फाटकावरचा रखवालदार दचकला. तिला एवढं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं. रस्ता ओलांडून आपल्या जागी बसली, बटवा उघडला, पान लावलं आणि मगच बोलली.

"खाडी काय ऑफिसात जाते काय गो, रोज दहाला हजर व्हायला? तिथीची पाऊणपट कर. पंचमीला किती?"

"पावणेचार."

"म्हंजे भरती पावणेचारला. मग दहाला?"

मी बोटांवर मोजलं. दहाला ओहोटी. खाडी तळाला गेलेली.

"आता चालतंय, कारण आता खाडीत सगळं खारंच हाय. एकदा पाऊस पडून डोंगराचं पाणी खाली उतरू दे. पंचमी, षष्ठी, सप्तमी. दहाला पाइपात काय येईल? नदी येईल. गोडं पाणी नि गाळ."

मी पदवीधर. पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण घटलं की समुद्री माशांच्या शरीरात काय होतं, हे मी परीक्षेत पूर्ण आकृतीसकट लिहून आलेले. पण पंप दहाला सुरू होतो आणि खाडी दहाला कुठे असते, या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघणं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. क्षार मोजायचं यंत्र मत्स्यालयात होतं, ते बिघडलेलं होतं, आणि नवं मागवलंय असं मी लागल्यापासून ऐकत होते.

"खाला, साहेबांना सांगते मी."

तिने माझं मनगट धरलं. तिचे हात कोयतीने कडक झालेले. "तुझ्या आईच्या हातांची शपथ हाय तुला. सांगायचं नाय. कोटाने विचारायला यायचं. इथे, माझ्याकडे. खाडी माझी होती काय नव्हती, ते त्याच्या तोंडून ऐकायचंय मला. आणि कट्टा पायजे. दगडाचा. होता तिथे."

"आणि तो नाही आला तर?"

"येईल. मासे त्याला पाठवतील."

ते चार महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. रोज आत जायचे, त्या गोब्र्यासमोर उभी राहून मुलांना त्याचं वजन सांगायचे. बाहेर खाला पंपाकडे डोळे लावून बसलेली. संध्याकाळी चंद्र दिसला की आईला विचारायची, "तुमची आज कुठली?" आई तिथी सांगायची. "आमची पण तीच, एक इकडे-तिकडे. चांद काय दोन हायत?"

त्या वर्षी पाऊस लांबला, आषाढ कोरडाच गेला; मग श्रावणात चार दिवस पाऊस थांबला नाही. नागपंचमीच्या सकाळी दहाला पंप सुरू झाला. दुपारी शाळेच्या सहलीतली मुलं आली तेव्हा पाणी गढूळ दिसत होतं. संध्याकाळपर्यंत रंगीत मासे पोटं वर करून तरंगायला लागले. षष्ठीला आणखी पाणी घेतलं, कारण साहेब म्हणाले, ताजं पाणी द्या. सप्तमीला गोब्रा गेला. फाटकावर 'देखभालीसाठी बंद' असा फलक लागला.

मेलेले मासे पोत्यांत भरून मागच्या फाटकाने नेले. खालाने ते पाहिलं. मला वाटलं होतं ती हसेल. तिने पाटीवर केळीचं पान ओढलं आणि त्या दिवशी विकलंच नाही. मी जवळ बसले तर म्हणाली, "जन्मभर मासे मारले मी. पण खायला. हे असं नाय." थोड्या वेळाने ओढणीची गाठ चाचपून बघितली आणि पुन्हा पंपाकडे तोंड करून बसली. तिला वाईट वाटलं होतं हे खरं, आणि तरी ती सांगणार नव्हती हेही खरं.

मुंबईहून इंजिनिअर आला. त्याने गाळणी बदलली, नवे मासे आले, फलक निघाला. पंधरा दिवसांनी वद्य पंचमी आली. पुन्हा तेच.

दुसऱ्या वेळी देशमान्यांनी आम्हा सगळ्यांना एका खोलीत बोलावलं. डोळे लाल झालेले. त्यांची नोकरी जायची वेळ आली होती हे आम्हाला कळत होतं. "हे त्या बाहेरच्या बायकांचं काम आहे," म्हणाले. "काहीतरी टाकलंय त्यांनी पाण्यात. आज मी पोलिसांत तक्रार देतोय. एकेकीला आत टाकतो."

माझी आई त्या बायकांत होती. मी उठले. 

"साहेब, पाण्यात टाकायची सवय त्यांची नाही. फिनेल कुणी ओतलं होतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे."



"मासे का मरतात ते जैनबखालाला माहीत आहे. मलाही माहीत आहे, पण मला शपथ घातलेली आहे. तुम्ही जाऊन विचारा. नाहीतर तक्रार द्या, आणि पुढच्या पंचमीला पुन्हा मासे मोजा."

ते मला कामावरून काढतील असं वाटलं.  त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि रस्ता ओलांडला.

खालाने त्यांना येताना बघितलं आणि बघितलंच नाही असं केलं. ते उभे राहिले. तिने एका गिऱ्हाइकाचे बांगडे साफ करून दिले. मग दुसऱ्याचे. मग वर न बघता म्हणाली, "काय पायजे?"

"खाला, मासे मरतायत."

आधीची मावशी एकदम खाला झाली होती.

"माझ्याकडचे मेलेलेच असतात."

"तुम्हाला कारण माहीत आहे म्हणतात."

"इथे नाय सांगणार. गटाराला वास येतो, तुझ्या लोकांची तक्रार होती." ती उठली, पाटी डोक्यावर घेतली. "फिनेल ओतलंस तिथे चल."

ती पुढे, साहेब मागे, त्यांच्या मागे आई आणि सगळ्या बायका. फाटकावर तोच रखवालदार होता. त्याने फाटक पूर्ण उघडलं. खाला हिरवळीवरून सरळ चालत गेली आणि डॉल्फिनच्या शेजारी, उंडीच्या बुंध्याशी, आपल्या जागी बसली. वीतभर इकडे नाही, वीतभर तिकडे नाही. काचेच्या गॅलऱ्यांत माणसं जमली.

"बस," तिने साहेबांना सांगितलं. ते ओल्या गवतावर बसले. तिने एक बांगडा त्यांच्या हातात दिला. "वास घे. फिनेलचा येतोय काय बघ."

त्यांनी घेतला. "नाही येत."

"मला येतो अजून. रोज येतो." मग तिने अटी सांगितल्या. जांभ्या दगडाचा कट्टा, होता तिथेच. शेजारी गोड्या पाण्याचा नळ. झाडाच्या माळा काढायच्या. बायकांची नावं घालून शिक्क्याचा कागद. "आणि कट्टा झाला की पहिल्या दिवशी पाटी रिकामी होईपर्यंत तू माझ्या शेजारी बसायचंस."

"कागदाला वेळ लागेल. वरून परवानगी..."

"पुढची पंचमी कधी गो, दिपे?"

"तेरा दिवसांनी."

"त्याला तेरा दिवस हायत."

कागद अकराव्या दिवशी आला. पहिला मसुदा मी परत पाठवला, कारण त्यात 'तात्पुरत्या स्वरूपात' असे शब्द घुसवले होते. दुसरा मी सगळ्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवला, एकेक ओळ, अर्थासकट. शिकल्याचा इतका आनंद मला पदवीच्या दिवशीही झाला नव्हता. खालाने सही केली, तिला तेवढी येत होती. मग साहेबांना म्हणाली, "तिथीची पाऊणपट कर, ती भरतीची वेळ. पाणी भरतीला घे, पुरी भरली की. पावसात पंचमी ते अष्टमी दहाला हात लावू नको."

देशमाने वाट बघत राहिले. मग म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच. फिनेलची कॅन उघडायला पण एवढाच वेळ लागला होता."

कट्टा झाला त्या दिवशी ते आले आणि बसले. कोट नव्हता. खालाने त्यांना भाव पुकारायला लावला. ते हळूच म्हणाले, "बांगडे... ताजे बांगडे."

"मोठ्याने. वरचे लोक बहिरे हायत."

"ताजे बांगडे!"

आठव्या मजल्यावरची एक बाई खाली उतरली आणि मासा बोटाने दाबायला लागली. देशमान्यांच्या तोंडून निघून गेलं, "दाबू नका, डोळा बघा." कट्टाभर बायका पदर तोंडाला लावून हसल्या. खाला हसली नाही. ती त्यांच्याकडे बघत होती, तो गोब्रा बघितला होता तशीच.

पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर, देशमान्यांची बदली झाली. जाताना ते बायकोला घेऊन कट्ट्यावर निरोपाला आले. खालाने त्यांच्या बायकोला सुरमई दिली, चांगली निवडून, तुकडे स्वतः करून. ते म्हणाले, "खाला, आता राग नाही ना?" ती तुकडे धूत राहिली. ते मान हलवून गेले.

पाट्या आवरल्यावर मी तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेले. गुडघे दुखायला लागले होते तिचे, पण रिकामी पाटी डोक्यावर अजून सरळ राहायची. मी म्हटलं, "खाला, त्याच्यासमोर गाठ सोडली नाहीस? सगळं तर मिळालं."

ती थांबली. ओढणीचं टोक हातात घेऊन बघितलं, जसं काही दुसऱ्या कुणाचं आहे.

"काम झालं, दिपे. राग कुठे झाला?"

आणि खाडीकडच्या वाटेने निघाली. पाठीवर ओढणी, ओढणीच्या टोकाला गाठ, चालताना डाव्या कमरेवर आपटणारी. मी तिला शेवटचं पाहिलं ते असं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. कट्ट्यावर कधीच न बसलेल्या तिच्या सुनेने, कतारवाल्या मुलाच्या बायकोने, मला सांगितलं, गाठ होती तशीच ठेवलीय, सोडायला कुणाचा हात धजला नाही.

आज त्या कट्ट्यावर नऊ बायका बसतात. मधली जागा माझ्या आईची आहे. मत्स्यालयाचा पंप भरतीला सुरू होतो, आणि त्याचं महिन्याचं वेळापत्रक मी तिथी बघून करते. खाली सही माझी असते.